आत काय आहे ते सांगून विका: सोलापुरात हॉटडॉग विकणाऱ्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील फास्ट फूड रेस्टॉरंट, कॅफे आणि हातगाड्यांचे मालक व चालक

मालक, नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला 'पाववाल्या अक्का' म्हणून ओळखतात. पहाटे तुमच्या शटरपाशी लांब पावाचे ट्रे उतरवून जाते ती गाडी आमच्या बेकरीची. पूर्व भागात सासऱ्यांनी भट्टी पेटवली ती यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांसाठी. तेव्हा खारी, बटर आणि लादी पाव एवढाच माल निघायचा. हॉटडॉगचा पाव ही अलीकडची भानगड, पण आता त्याचा खप असा आहे की तुमचा धंदा बसला तर आमच्या भट्टीलाही झळ लागेल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की अक्का फितूर झाल्या.

माझं म्हणणं एकच आहे. त्या पावात तुम्ही जे सॉसेज ठेवता त्यात काय आहे, कुणाचं मांस आहे, कुठून आलंय आणि तुमच्याकडे कसं ठेवलंय, हे गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगा. फळ्यावर लिहा, रिकामं पाकीट काचेच्या कपाटात उभं करा, पोराला पाठ करून घ्या. कसंही करा, पण सांगा.

आता तुम्ही म्हणाल, वडापाववाल्याला कुणी असं विचारत नाही. बरोबर आहे. वडा फोडला की बटाटा दिसतो, मिरची दिसते, लसूण दिसतो. भजीत कांदा दिसतो. सोलापुरात आपण जे जे रस्त्यावर उभं राहून खातो ते बहुतेक डोळ्यांदेखत तळलेलं असतं आणि फोडल्यावर आतलं दाखवणारं असतं. सॉसेज फोडलं तर आत काय दिसतं? बाहेर होतं तेच. गुलाबी, गुळगुळीत, एकसारखं. आजवर तुमच्या गाडीवर उभं राहून कुणी सॉसेज कापून त्यातलं मांस ओळखलंय का?

ओळखता येणारच नाही, कारण ते बनतंच तसं. मांस, चरबी, मीठ, मसाला आणि बर्फ एकत्र घालून पात्यांमध्ये इतकं बारीक फिरवतात की त्याचा लगदा होतो. बर्फ घालायचं कारण पाती फिरून लगदा तापला तर चरबी सुटते आणि माल फाटतो. (आम्ही उन्हाळ्यात पावाच्या पिठात बर्फाचं पाणी घालतो तेही तापू नये म्हणूनच, म्हणून हे मला चटकन कळलं.) मग तो लगदा लांब नळीत भरतात, धुरी देऊन नाहीतर वाफेवर शिजवतात आणि थंड करून पाकिटात बंद करतात. बऱ्याच कारखान्यांत ही नळी सेल्युलोजची असते, म्हणजे वनस्पतीपासून केलेली, आणि शिजवून झाल्यावर ती सोलून टाकतात. काही सॉसेजवर कोलाजेनचं आवरण असतं, ते जनावराच्या कातडीपासून बनतं आणि खाल्लं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

चांगल्या सॉसेजमध्ये चांगलं मांस असतं. स्वस्तातल्या सॉसेजमध्ये हाडाला चिकटून राहिलेलं मांस यंत्राच्या दाबाने वेगळं काढून घातलेलं असतं, जोडीला स्टार्च आणि सोया. गुलाबी रंग दोन्हीला सारखाच येतो, कारण तो सोडियम नायट्राइटमुळे येतो; पाकिटावर कधी नुसतं 'आयएनएस २५०' लिहिलेलं असतं ते हेच. ज्या अमेरिकेतून हा पदार्थ आला तिथल्या नियमात हॉटडॉगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत चरबी चालते, आणि चरबी व वरून घातलेलं पाणी मिळून ४० टक्क्यांपर्यंत. तिथे हे पाकिटावर आणि कायद्यात लिहिलेलं तरी आहे. तुमच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, 'जम्बो हॉटडॉग चीज लोडेड'.

हा संशय काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. हॉटडॉगच्या जन्मापासून तो त्याच्या मागे लागलेला आहे. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड नावाची समुद्रकाठची जत्रेची जागा आहे, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची आठवण यावी अशी, फक्त ती पूर्ण मोसमभर चालते. तिथे चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन माणूस पावात सॉसेज घालून विकायचा. १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या माणसाने तिथेच दुकान थाटलं आणि फेल्टमनकडे दहा सेंटला मिळणारा हॉटडॉग पाच सेंटला लावला. झालं काय, तर लोकांनी पाठ फिरवली. इतकं स्वस्त म्हणजे आत काहीतरी भलतंच असणार! सांगतात की नेथनने काही माणसांना डॉक्टरांसारखे पांढरे कोट घालून दुकानासमोर उभं केलं आणि हॉटडॉग खायला लावले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर खातायत तर चांगलंच असणार. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण भाव निम्मा करूनही विश्वास विकत घेता आला नाही, हे त्यात सगळ्यात खरं वाटतं. लोकांना तसं वाटायला कारणही होतं. त्याआधी दहाच वर्षं, १९०६ मध्ये, शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आली होती आणि त्याच वर्षी अमेरिकेला मांस तपासणीचा कायदा करावा लागला होता.

दुसरी गोष्ट तुमच्या जास्त जवळची आहे, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या दुकानाचा रंग लाल-पिवळा आहे आणि तो कुठून उचललाय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मॅकडोनाल्ड्सचा उगम ज्या ठेल्यात आहे तो मॅकडोनाल्ड बंधूंच्या वडिलांनी १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉनरोव्हिया विमानतळाजवळ टाकला होता, आणि तिथे आधी हॉटडॉगच विकले जायचे. पण पुढे ज्या रे क्रॉक यांनी ही कंपनी जगभर नेली, ते हॉटडॉगच्या विरोधात होते. त्यांनी लिहून ठेवलंय की हॉटडॉगच्या सालीआड काय आहे ते सांगता येत नाही आणि आपल्या दर्जात असा पदार्थ बसत नाही. बर्गर विकून गडगंज श्रीमंत झालेला माणूस हे म्हणतो. मांसाचं त्याला वावडं नव्हतं. आत काय आहे ते सांगता येत नाही, याचं होतं. आणि २०१६ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या दुकानांत हॉटडॉग आणला तेव्हा सॉसेज कोणत्या कंपनीचं आणि निव्वळ गोमांसाचं आहे, हे आधी गाजवून सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही सॉसेज स्वतःच्या नावावर खपवता आलं नाही, दुसऱ्याचं नाव पुढे करावं लागलं. तुम्ही आणि मी कोण लागून गेलो?

आता सोलापूरकडे या.

आपल्या गावात कोण काय खातं हा प्रश्न अमेरिकेपेक्षा दहापट गुंतागुंतीचा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. सिद्धेश्वराच्या गावात लिंगायत घरं आहेत जिथे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. जैन आहेत, गुजराती आहेत, मारवाडी आहेत. पद्मशाली घरांत रविवारी मटण शिजतं. सावजी घरातल्या बाईला मसाला शिकवायला जाल तर ती तुम्हालाच शिकवून परत पाठवेल. मुसलमान गिऱ्हाईक 'हलाल आहे का?' विचारणार, आणि त्याने विचारायलाच हवं. श्रावणात मांस न खाणारे आहेत, सोमवार-गुरुवार पाळणारे आहेत, घरात न खाता बाहेर खाणारे आहेत (त्यांचं मी काही बोलत नाही, ते माझेही गिऱ्हाईक आहेत). २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडचं सॉसेज बहुतेक चिकनचं असतं. पण 'बहुतेक' या शब्दावर कुणी आपला धर्म टाकत नाही. कोलाजेनचं आवरण ध्यानात आहे ना? आतलं मांस चिकनचं आणि वरची साल दुसऱ्याच जनावराच्या कातडीची, असं होऊ शकतं. पाकिटावर छापलेलं वाचल्याशिवाय हे तुम्हालाही कळणार नाही. आणि पाकीट तर तुमच्याकडे कोपऱ्यातल्या डस्टबिनमध्ये असतं.

'वेज हॉटडॉग' हा तर वेगळाच कारभार. माझ्या भाचीने एका ठिकाणी (नाव घेत नाही, त्याला त्याच्या पोटावर मारायचं नाही) विचारलं, 'वेजच आहे ना?' पोरगा म्हणाला, 'हो की, सोयाचंय ओ ताई.' सोयाचं होतंही. पण तवा तोच, चिमटा तोच, तेल तेच, आणि शेजारी चिकनचं सॉसेज तडतडत होतं. भाची खाऊन आली आणि घरी सांगून बसली. पुढचा तासभर आमच्या वन्संनी जे बोलून दाखवलं ते त्या पोराने ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याने दोन तवे आणले असते. सोयाच्या सॉसेजमध्येही काही कारखाने बांधणीसाठी अंड्याचा पांढरा भाग घालतात. आपल्या नियमात अंडं मांसाहारात मोडतं, म्हणून अशा पाकिटावर हिरवा गोल येऊ शकत नाही, तपकिरी त्रिकोण येतो. हिरवा गोल की तपकिरी त्रिकोण, हे बघायला किती वेळ लागतो? पण पाकीट फोडतो एक पोरगा, विकतो दुसरा, आणि मालक गल्ल्यावर फोनमध्ये असतात.

तुम्हाला भीती वाटत असेल की एवढं सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल. आमच्या धंद्यावर हा दिवस येऊन गेलाय. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने पावाचे नमुने तपासले आणि पाव फुगायला वापरतात त्या पोटॅशियम ब्रोमेटचा गाजावाजा झाला. कॅन्सरचं नाव निघालं, टीव्हीवर दिवसरात्र तेच. महिन्याभरात सरकारने ब्रोमेटवर बंदीच घातली. त्या दिवसांत रोज लादी पाव नेणाऱ्या बायका काउंटरवर पाव उलटापालटा करून बघायच्या, जणू ब्रोमेट डोळ्यांना दिसणार होतं. आम्ही मोठ्या अक्षरांत पाटी लावली: पिठात काय काय पडतं त्याची यादी, मैदा, यीस्ट, साखर, मीठ, तेल, दूध पावडर. ब्रोमेट नाही हेही लिहिलं. ज्यांना शंका होती त्यांना आत बोलावून पीठ दाखवलं. खप पडला तो आठ-पंधरा दिवस. पाटी अजून आहे, तिच्यावर धूळ बसलीय, कारण आता कुणी वाचत नाही. न वाचण्याइतका विश्वास बसलाय.

तर पाटी लावण्याला घाबरू नका. अमेरिकेत ज्यू धर्मनियमांनुसार केलेली गोमांसाची सॉसेज ज्यू नसलेले लोकही मुद्दाम घेतात, कारण कुणीतरी बाहेरचा माणूस नियमावर बोट ठेवून बघतोय एवढंच त्यांना पुरतं.

आता दुसऱ्या भागाकडे येते, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. आत काय आहे याचं उत्तर फक्त पाकिटावर नसतं, ते पाकीट फोडल्यानंतर तुमच्याकडे काय झालं यातही असतं.

सॉसेज कारखान्यात शिजून आलेलं असतं, म्हणून तुमच्या पोरांचा समज असा की ते कच्चं नाही, त्याला काही होत नाही. अहो, शिजलेलं म्हणूनच जास्त जपावं लागतं, कारण तुम्ही ते नुसतं गरम करून देता, शिजवत नाही. लिस्टेरिया नावाचा एक जीवाणू आहे, तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि तयार सॉसेजवर त्याचा डोळा असतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तो मारू शकतो. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं सांगतं की गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि अशक्त माणसांनी सॉसेज आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापल्याशिवाय खाऊ नये. म्हणजे वाफा निघेपर्यंत. तव्यावर दोन बाजूंनी काळे पट्टे आले की आतून ते तापलं, असं होत नाही. एक साधा अन्नाचा थर्मामीटर घ्या, टोचून बघा. भाव फार नाही, एका संध्याकाळच्या धंद्यात निघेल.

त्याच खात्याचा दुसरा नियम वाचला तेव्हा मला वाटलं, हा तर सोलापूरसाठीच लिहिलाय. सॉसेज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मालक, मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारी ३२ म्हणजे लोक म्हणतात, आज बरंय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, भिंती रात्री दहापर्यंत आग ओकतात. तुमची गाडी लागते पाच वाजता आणि उठते अकराला. मधल्या सहा तासांत ती पाकिटं थर्माकोलच्या खोक्यात, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगत असतात. एक तासाचा हिशोब कुणी घालायचा? थंड माल ५ अंशांच्या खाली आणि गरम माल ६० अंशांच्या वर; या दोन आकड्यांच्या मधला सगळा प्रदेश जीवाणूंच्या मालकीचा आहे. आमच्या भट्टीला हे लागू नाही, पाव बाहेर राहिला तर फार तर वाळतो नाहीतर बुरशी धरतो, आणि ती दिसते. सॉसेज बिघडल्याचं तुम्हाला दिसेलच असं नाही, वासही येईलच असं नाही. दुकानात डीप फ्रीझर असेल तर लाईट गेल्यावर तो किती वेळ तग धरतो ते बघून ठेवा, आणि लाईट आल्यावर वितळलेला माल परत गोठवू नका. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये आठवड्याच्या वर ठेवायचं नाही. फोडलं त्या दिवशीची तारीख त्यावर पेनाने टाका, एवढं तरी.

चिमटे धुवायला पाणी नाही असं मला सांगू नका. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात बायका पंचवीस भांडी भरून ठेवतात आणि घर चालवतात. गाडीवर दोन कॅन जास्तीचे ठेवता येतात.

मेयोनीजचं थोडक्यात. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी फेटून वापरत असाल तर आजच बंद करा. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांचे सोयरे ज्या तेलंगणात आहेत, तिथल्या सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी तमिळनाडूनेही. उगीच घातली नाही, माणसं आजारी पडली म्हणून घातली. अंड्याशिवायचं मेयोनीज बाजारात मिळतं. त्याहून बरं काय ते पुढे सांगते.

लहान मुलांचं मात्र थोडक्यात संपवता येत नाही. तुमच्याकडे आता वाढदिवसाच्या ऑर्डरी जातात, चार-चार वर्षांच्या पोरांच्या हातात आख्खा हॉटडॉग दिला जातो, आई फोटो काढत असते. सॉसेजचा गोल तुकडा लहान मुलाच्या श्वासनळीच्या मापाचा असतो. मऊ आणि दाबला जाणारा असल्यामुळे तो घशात बुचासारखा बसतो आणि पाठीवर थोपटून सहजी निघत नाही. मुलांच्या घशात अडकणाऱ्या खाद्यपदार्थांत हॉटडॉग इतका वरचा आहे की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये त्याचा आकारच बदलायला हवा असं म्हटलं होतं. आकार बदलणं तुमच्या हातात नाही, सुरी आहे. पाच वर्षांखालच्या मुलासाठी सॉसेज लांबीत उभं चिरायचं, चार फाका करायच्या, मग बारीक तुकडे. गोल चकत्या कधीच नाहीत. गोल चकती हाच खरा धोका. पिझ्झावर, पास्त्यात, नूडल्समध्ये तुम्ही ज्या गोल चकत्या टाकता त्यांनाही हे लागू. ऑर्डर घेताना 'लहान मूल आहे का?' एवढं विचारा.

आणि हो, कॅन्सरचं. व्हॉट्सअॅपवर 'हॉटडॉग म्हणजे विष' असे निरोप फिरतात, तसं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरतं असं जाहीर केलं. त्यांचा हिशोब असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज. जोर 'रोज'वर आहे. महिन्यातून एकदा पार्क चौकात उभं राहून खाणाऱ्याची मला काळजी नाही. ज्या होस्टेलच्या पोरांना तुम्ही महिन्याचं कार्ड काढून दिलंय, दहा खा एक फुकट, त्यांची आहे. त्या कार्डावर हॉटडॉगच्या जागी दुसरं काही टाकता येतं.

भावाचं म्हणाल तर मान्य आहे, चांगलं सॉसेज महाग पडतं. पण स्वस्त विकायचे मार्ग दुसरेही असतात. अमेरिकेत कॉस्टको नावाची घाऊक दुकानांची साखळी १९८५ पासून हॉटडॉग आणि सोबत कोल्ड्रिंक दीड डॉलरलाच देते, आजही. ते जमवण्यासाठी त्यांनी मांसात भेसळ केली नाही, स्वतःचे सॉसेजचे कारखाने टाकले. सोलापुरात तुम्ही दहा-बारा जण मिळून एकाच ठिकाणाहून माल उचलला, एकच गाडी, एकच फ्रीझर ठेवला, तर हे लहान मापात होऊ शकतं. पण तुम्ही एकमेकांशी बोलत नाही, शेजारच्याने पाच रुपयांनी भाव पाडला की तुम्ही सात रुपयांनी पाडता, आणि ते सात रुपये शेवटी सॉसेजमधूनच निघतात. नाहीतर माझ्या पावातून. शिळा पाव मागणारे दोघं-तिघं आहेत, त्यांना आम्ही तो देत नाही, म्हणून ते आता आमच्याकडून घेत नाहीत.

आता मघाशी राहिलेलं. हॉटडॉगमध्ये सॉसेजच असलं पाहिजे हे कुणी सांगितलं? इंदूरच्या छप्पन दुकानात बटाट्याची टिक्की गोल बनात घालून हॉटडॉग म्हणून विकतात आणि लोक रांगा लावतात. आपल्या गावात रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीत निखाऱ्यावर शीक भाजतात. तो खिमा तुमच्यासमोर सळईवर थापला जातो, आत काय आहे ते विचारावं लागत नाही, नायट्राइट नाही, पाकीट नाही, परदेशी फ्रीझर नाही. सहा इंचाची एक शीक आणि माझा लांब पाव, मापाला माप. वर मेयोनीजच्या जागी घट्ट दह्यात कालवलेली शेंगा चटणी, बारीक कांदा, लिंबू. शाकाहारी हवा तर बटाटा आणि मटार लांब वळून तळा, वर तीच चटणी कोरडी भुरभुरवा. शेंगा चटणीसाठी बाहेरगावचे लोक सोलापुरात थांबून पाकिटं बांधून नेतात आणि आपण हॉटडॉगवर लाल सॉस पिळतो! एक इशारा मात्र देते: शेंगदाण्याची अॅलर्जी असणारे असतात, तेव्हा चटणी आहे हेही फळ्यावर लिहायचं. नियम सगळ्यांना सारखा.

पावाचं माझं मला माहीत, म्हणून त्यावर हक्काने सांगते. पाव उभा चिरताना पार खालपर्यंत सुरी घालू नका, एका बाजूला बिजागरी राहू द्या. नाहीतर गिऱ्हाइकाच्या शर्टावर सगळं सांडतं आणि दोष बेकरीला लागतो. भाजायचा तो आतून, बाहेरून नाही, आणि लोण्यावर. स्वस्त वनस्पती तुपात बुडवून काढायचा असेल तर पाव कशाला घेता? आणि गरम पाव पिशवीत कोंबून ठेवू नका, त्याला घाम येतो, दुसऱ्या दिवशी बुरशी. ज्वारीचं पीठ घालून पाव करता येईल का असं एकाने विचारलं होतं. मालदांडीची नुसती ज्वारी फुगत नाही, तिला मैद्याचा नाहीतर गव्हाचा आधार लागतो. चवथा हिस्सा ज्वारी घालून आम्ही घाणा काढून बघितलाय, पाव जरा बुटका होतो पण शीक त्यात छान बसते. हवा असेल त्याने आधी सांगावं.

अन्न व औषध प्रशासनाचा माणूस कधी येतो याची वाट बघू नका. परवान्याचा चौदा आकडी नंबर दर्शनी लावायचा, बिलावर छापायचा, हा नियम आहेच. तुमच्यातल्या काहींचा तो फ्रिजच्या मागे लावलेला मी पाहिलाय. तो पुढे आणा. त्याच्याच खाली सॉसेजची माहिती लिहायला जागा भरपूर असते: चिकन की सोया, कोणती कंपनी, साल कशाची, हलाल आहे की नाही, पाकीट कधी फोडलं. पाच ओळी. मराठीत लिहा, खाली कन्नड, तेलुगू, उर्दूत लिहिता आलं तर आणखी चांगलं, आपल्या गावात वाचणारे आहेत.

आमच्याकडून मी एवढं करते: या महिन्यापासून प्रत्येक ट्रेवर पाव कधी भाजला आणि त्यात काय काय आहे याची चिठ्ठी येईल. ती तुमच्या फळ्याशेजारी चिकटवा. ज्यांना दुसऱ्या तव्याची अडचण आहे त्यांनी बोलावं, बेकरीतले दोन जाड तवे पडून आहेत, फुकट घेऊन जा. रविवारची ऑर्डर शनिवारी संध्याकाळी सातच्या आत सांगा. ज्वारीचा पाव हवा असेल तर शुक्रवारी, कारण ते पीठ गिरणीतून मुद्दाम दळून आणावं लागतं.

तुमची,
पाववाल्या अक्का
पूर्व भाग, सोलापूर